हार्ड डिस्क आता घ्यावी की थांबावं?

वाचकांच्या पत्रांत सध्या एक प्रश्न फिरून फिरून येतो आहे. दुकानदार म्हणतो, ‘आजच घ्या, पुढच्या आठवड्यात अजून चढणार.’ ओळखीतला कॉम्प्युटरवाला म्हणतो, ‘थांबा, उतरेल.’ ऑनलाइन बघायला जावं तर एकाच डिस्कला तीन विक्रेत्यांचे तीन भाव, आणि त्यातला सर्वांत खालचा इतका खाली की शंकाच यावी. डिस्क केव्हा घ्यायची, कोणती घ्यायची, हातात आल्यावर तपासायची कशी आणि फसलात तर दाद कुठे मागायची, तेवढ्यापुरता हा लेख आहे.

भाव असे वरखाली का होतात

या धंद्यात माल तुंबणं आणि माल न मिळणं हे आळीपाळीने चालत आलं आहे. १९८०च्या दशकात हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या डझनांनी होत्या. कारखाना उभारायला अफाट पैसा लागायचा आणि तयार माल काही महिन्यांतच जुना व्हायचा. त्यामुळे साठा वाढला की मिळेल त्या भावाला तो काढून टाकण्यावाचून गत्यंतर नसे. १९९७-९८ मध्ये असाच माल तुंबला, भाव कोसळले, सीगेटला मोठा तोटा झाला आणि कंपनीचे सहसंस्थापक ॲलन शुगार्ट यांना प्रमुखपद सोडावं लागलं. आयबीएमने आपला विभाग हिताचीला विकला. क्वांटमचा मॅक्सटॉरकडे गेला आणि मॅक्सटॉर २००६ मध्ये सीगेटच्या पोटात गेली. फुजित्सूचा विभाग तोशिबाने, सॅमसंगचा २०११ मध्ये सीगेटने आणि हिताचीचा २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलने घेतला. आज जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या तीनच आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल (डब्ल्यूडी) आणि तोशिबा.

तीनच उरल्या म्हणून भाव स्थिरावले, असं मात्र झालं नाही. २०११च्या पावसाळ्याअखेर थायलंडमध्ये महापूर आला, अयुथ्या भागातले कारखाने पाण्याखाली गेले आणि काही आठवड्यांत डिस्कचे भाव दुपटीच्या घरात पोचले. ते पूर्वपदावर यायला दीड-दोन वर्षं लागली. त्याच सुमारास सीगेट आणि वेस्टर्न डिजिटल या दोघांनी बऱ्याच मॉडेलांची वॉरंटीही कमी केली. २०२१ मध्ये चिया नावाचं आभासी चलन ‘पिकवण्यासाठी’ लोकांनी डिस्क गोळा केल्या आणि पुन्हा भाव भडकले. ते खूळ ओसरलं, मोठ्या क्लाउड कंपन्यांनीही खरेदी आवरली, आणि २०२२-२३ मध्ये माल इतका पडून राहिला की सीगेट तोट्यात गेली आणि तिने सुमारे तीन हजार माणसं कमी केली. त्यातून धडा घेऊन कंपन्या आता मोठ्या गिऱ्हाइकांची आगाऊ मागणी हातात घेऊनच माल काढतात. २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी डेटा सेंटरांची मागणी उसळली तेव्हा जादा माल नव्हताच, आणि वर्षाच्या उत्तरार्धापासून भाव चढू लागले. रांगेत तुम्ही-आम्ही शेवटी उभे आहोत.

निर्णय घेताना यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा:

- भाव चढतात आठवड्यांत, उतरतात वर्षांत. ‘महिनाभर थांबून बघू’ याने सहसा काही साधत नाही.
- टंचाईच्या काळात वॉरंटीची मुदत पुन्हा तपासा. गेल्या खेपेला तीन वर्षं होती म्हणून आजही तेवढीच असेल, असं धरून चालू नका.
- माल तुंबला की वापरलेल्या डिस्क गोदामांत साठतात आणि टंचाई आली की त्याच ‘नव्या’ होऊन बाजारात येतात. आजचा मोठा धोका हाच आहे.

मग घ्यायची की थांबायचं?

तुमच्या फोटोंची, हिशेबांची किंवा दुकानाच्या बिलांची आज एकच प्रत असेल, तर थांबू नका. दुसऱ्या प्रतीसाठी लागणारी डिस्क चढ्या भावानेही घ्या. डिस्क उडाल्यावर डेटा परत काढून देणारी प्रयोगशाळा जे बिल लावते, त्यात नव्या कितीतरी डिस्क येतात, आणि तिथेही हमी नसतेच.

आहे त्या डिस्कमध्ये जागा कमी पडते, एवढंच कारण असेल तर आधी घर आवरा. मोबाइलमधून तीनतीनदा उतरवलेले तेच व्हिडिओ आणि डाउनलोड फोल्डरमधला गाळ काढलात तर वर्ष सहज निघतं. आणि ‘सेल लागला आहे, घेऊन ठेवू’ म्हणून डिस्क घ्यायचीच नाही. पाकिटात पडल्या पडल्या तिची वॉरंटी संपत असते.

क्षमता ठरवताना एकूण किंमत बाजूला ठेवून दर टेराबाइटमागे किती पडतात ते काढा. सर्वांत लहान डिस्क या हिशेबात जवळपास नेहमीच महाग पडते, कारण मोटर, खोकं आणि सर्किट यांचा खर्च लहान डिस्कलाही तेवढाच येतो. सर्वांत मोठीला नवेपणाचा अधिभार असतो. मधल्या क्षमतेत बहुधा सौदा बरा बसतो.

एक शंका इथेच मिटवून टाकू. १ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते आणि २ टेराबाइटची १८६३. यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या.

ब्रँडचा वाद सोडा

‘सीगेट बेकार’, ‘डब्ल्यूडीच घ्या’ हे दोन्ही सल्ले तितक्याच ठामपणे देणारी माणसं एकाच गल्लीत सापडतात. प्रत्येकाची जी डिस्क उडाली ती कंपनी वाईट, असं हे शास्त्र आहे. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्याकडच्या लाखो डिस्कपैकी किती बिघडल्या, याची आकडेवारी २०१३ पासून जाहीर करते आहे. तिच्या ताफ्यात अलीकडे वर्षाला शंभरातल्या दीडएक डिस्क बिघडतात. त्या तक्त्यांत एकाच कंपनीचं एक मॉडेल वर आणि दुसरं तळाला दिसतं. दर्जेदार म्हणून नावाजलेल्या आयबीएमचीही २०००च्या सुमारास आलेली डेस्कस्टार ७५जीएक्सपी ही मालिका इतकी बिघडली की लोक तिला ‘डेथस्टार’ म्हणू लागले आणि प्रकरण अमेरिकेत कोर्टापर्यंत गेलं. तेव्हा ब्रँडपेक्षा मॉडेल क्रमांक बघा, आणि त्याहीआधी ती डिस्क कोणत्या कामासाठी बनवली आहे ते बघा.

कामाप्रमाणे निवड

- संगणकाची मुख्य डिस्क: इथे एसएसडीच. जुना, रडतखडत चालणारा लॅपटॉपही हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्यावर चालू लागतो. २५६ जीबीमध्ये भागत असेल तर महाग मोठी एसएसडी घेऊ नका, मोठ्या फाइली वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा.
- फोटो-व्हिडिओंचा संग्रह, बॅकअप: इथे हार्ड डिस्क अजूनही स्वस्त पडते. वर्षानुवर्षं कपाटात बंद ठेवायचा साठा एकट्या एसएसडीवर ठेवू नका, वीज न मिळता फार काळ पडून राहिली तर तिच्यातली माहिती पुसट होऊ शकते.
- पोर्टेबल डिस्क: हाताळायला सोयीची, पण काही मॉडेलांत यूएसबीचं तोंड थेट आतल्या सर्किटवरच असतं. ते मोडलं तर डिस्क काढून दुसऱ्या खोक्यात घालता येत नाही. तोंड सैल वाटू लागलं की आधी माहिती उतरवून घ्या.
- नॅस, म्हणजे घरच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कवरचा सामायिक साठा: इथे मॉडेल नीट तपासूनच घ्या.

नॅसबद्दल थोडं अधिक. डिस्कवर माहिती लिहिण्याच्या सीएमआर आणि एसएमआर अशा दोन पद्धती आहेत. एसएमआरमध्ये माहितीच्या रेघा छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त मावतं, पण मधलं एक बदलायचं तर शेजारचीही उचलून पुन्हा बसवावी लागतात. एकदा लिहून ठेवायच्या बॅकअपला हे चालतं. सतत लिहिणाऱ्या नॅसमध्ये, विशेषतः एक डिस्क बदलून नवी बसवल्यावर, अशी डिस्क रखडते. २०२० मध्ये उघड झालं की नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्ल्यूडी रेडच्या काही मॉडेलांत एसएमआर पद्धत होती आणि ग्राहकांना ते सांगितलेलं नव्हतं. ओरड झाल्यावर तिन्ही कंपन्यांनी कोणत्या मॉडेलात काय आहे ते जाहीर केलं आणि वेस्टर्न डिजिटलने सीएमआर डिस्कना ‘रेड प्लस’ असं वेगळं नाव दिलं. दुकानदाराला ‘यात सीएमआर आहे का?’ असं विचारा. ‘सगळं एकच असतं हो’ असं उत्तर आलं तर दुसऱ्या दुकानात जा.

सोसायटीच्या सीसीटीव्हीसाठी

हा प्रश्न सोसायट्यांच्या सेक्रेटरींकडून हमखास येतो, म्हणून हिशेबच मांडतो. एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट माहिती पाठवत असेल तर तासाला १.८ जीबी होते आणि दिवसाला सुमारे ४३ जीबी. आठ कॅमेऱ्यांचे दिवसाला साधारण ३४५ जीबी, म्हणजे तीस दिवसांचं चित्रण हवं असेल तर दहा टेराबाइटहून अधिक जागा लागते. डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं यंत्र, बसवून देणारा १ टेराबाइटची डिस्क घालून ‘महिनाभराचं रेकॉर्डिंग राहील’ म्हणत असेल, तर या सेटिंगवर ती तिसऱ्या दिवशी भरते आणि जुनं पुसून त्यावर नवं लिहायला लागते. चित्रण कमी जागेत बसवणारी एच.२६५ पद्धत आणि २ मेगाबिट ठेवलं तर निम्म्यात भागतं. फक्त हालचाल टिपायची सेटिंग ठेवली तर आणखी कमी. सेटिंग आधी ठरवा, डिस्क नंतर घ्या.

डीव्हीआर रात्रंदिवस लिहीत असतो. त्यासाठी डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक अशा खास मालिका आहेत, साधी डिस्क त्यात घालू नका. कोटेशनमध्ये नुसतं ‘२ टीबी एचडीडी’ लिहिलेलं असेल तर कंपनी, मालिका, मॉडेल क्रमांक आणि वॉरंटी लिहून मागा. आणि महिन्यातून एकदा पंधरा दिवसांपूर्वीचं चित्रण लावून बघा. डिस्क बंद पडून चार महिने झाले होते हे चोरी झाल्यावर कळणाऱ्या सोसायट्या थोड्या नाहीत. पडद्यावर कॅमेरे दिसत राहतात, म्हणून कुणाला शंकाच येत नाही.

नव्याच्या नावाखाली जुनी

जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत एक भानगड बाहेर आली. अनेक दुकानांतून नव्या म्हणून विकलेल्या सीगेटच्या डेटा सेंटर दर्जाच्या डिस्क वापरलेल्या निघाल्या. काही तर पंधरा ते पन्नास हजार तास चाललेल्या होत्या. वर्षाचे तास ८७६०, म्हणजे त्यातल्या काही पाच वर्षांहूनही अधिक अखंड फिरलेल्या डिस्क. चिया ओसरल्यावर बंद पडलेल्या चिनी केंद्रांतून त्या आल्या असाव्यात, असा संशय व्यक्त झाला. किती तास चालली याची नोंद प्रत्येक डिस्क स्वतःच्या पोटात ठेवते. ती नोंद या डिस्कमध्ये शून्यावर आणलेली होती, पण सीगेटच्या ‘फार्म’ या दुसऱ्या नोंदवहीत खरे तास तसेच राहिले होते. पुढे मे महिन्यात मलेशियात क्वालालंपूरजवळच्या एका गोदामावर छापा पडला, तिथे अशा डिस्कवर नवी लेबलं लावण्याचा उद्योग चालला होता.

लॅमिंग्टन रोडपासून नेहरू प्लेसपर्यंत वापरलेला माल उघडपणेही विकला जातो, आणि ‘रिफर्बिश्ड’ सांगून, कमी भावात, बिलावर तसं लिहून दिला तर त्यात गैर काही नाही. दुय्यम बॅकअपला तो चालूनही जातो. नव्याचे पैसे घेऊन जुनं देणं हा मात्र गुन्हा आहे. डिस्क हातात आली की असं करा:

- पाकीट फोडण्याआधीपासून व्हिडिओ सुरू करा. सील, लेबल आणि सिरियल नंबर त्यात दिसू द्या.
- सिरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर घालून वॉरंटी बघा. ‘ही डिस्क यंत्रासोबत विकलेली आहे, मूळ विक्रेत्याशी संपर्क साधा’ असा मजकूर आला तर तो ओईएम, म्हणजे यंत्रं बनवणाऱ्यांना दिलेला माल आहे, कंपनी तुम्हाला थेट दाद देणार नाही. वॉरंटी आधीच काही महिने सरलेली दिसली तरी परत करा.
- स्क्रूवर ओरखडे, जोडणीच्या सोनेरी पट्ट्यांवर घासल्याच्या खुणा, लेबलाखाली दुसऱ्या लेबलाचा गोंद हे उजेडात धरून बघा.
- क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर लावून चालू तास बघा. नव्या डिस्कला ते शून्य किंवा फार तर काही तास असावेत. ‘रिअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टर शून्यच हवेत.
- सीगेटची मोठी डिस्क असेल तर जाणकाराकडून फार्म नोंदही काढून घ्या. स्मार्टमॉनटूल्सच्या ७.४ आवृत्तीपासून ती वाचता येते. दोन्हीकडचे तास जुळले नाहीत तर डिस्क परत.
- परत करण्याची मुदत संपण्याआधी डिस्क एकदा पूर्ण भरून आणि वाचून बघा. मोठ्या डिस्कला दिवसभर लागेल, लागू द्या.

दोन हजार रुपयांत ‘१६ टीबी पोर्टेबल एसएसडी’ अशी जाहिरात दिसली तर तिकडे बघूही नका. आत एखादं लहान मेमरी कार्ड असतं आणि त्याला खोटी क्षमता दाखवायला शिकवलेलं असतं. फाइली जातात, नावं दिसतात, उघडायला गेलं की काहीच नसतं. आधीच घेऊन बसला असाल तर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या मोफत चाचणीत खरी क्षमता कळते.

वॉरंटीत काय मिळतं, काय नाही

वॉरंटीत डिस्क मिळते, डेटा मिळत नाही. बदलून येणारी डिस्कही बहुधा नवी नसते, दुरुस्त करून तपासलेली असते, आणि तिला मूळ डिस्कची उरलेलीच मुदत लागू होते. काही मालिकांसोबत ठरावीक वर्षांसाठी डेटा काढून देण्याची सेवा जोडलेली असते. पाकिटावर तसं लिहिलं असेल तर ती लगेच नोंदवून ठेवा.

अमेरिकेहून किंवा दुबईहून नातेवाइकांनी आणलेल्या डिस्कची वॉरंटी अनेकदा त्या प्रदेशापुरतीच असते. स्वस्त पडली तरी ती बिनवॉरंटीची धरूनच हिशेब करा.

बिघडलेली डिस्क कंपनीकडे पाठवायची म्हणजे आतले आधार, पॅन आणि घरचे फोटोही तिच्यासोबत जाणार, या धास्तीने कित्येक जण वॉरंटी असूनही दावा करत नाहीत. डिस्क चालू असताना, पहिल्याच दिवशी, तिला बिटलॉकरसारखं कुलूप लावा आणि त्याची किल्ली कागदावर लिहून वेगळी ठेवा. बंद पडलेल्या डिस्कवरचं काही पुसता येत नाही.

फसवणूक झालीच तर

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुमच्या बाजूने बराच स्पष्ट आहे.

- बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘जीएसटीशिवाय घ्या, अठरा टक्के वाचतील’ म्हणणाऱ्याला नमस्कार करा. त्या अठरा टक्क्यांत तुमची दाद मागायची सोय जाते.
- सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का सदोष मालाला लागू पडत नाही.
- ऑनलाइन विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि मालाचा मूळ देश जाहीर करणं ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारक आहे. सदोष, बनावट किंवा वर्णनाशी न जुळणारा माल विक्रेत्याला परत घ्यावा लागतो. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो.
- आयात केलेल्या डिस्कच्या पाकिटावर आयातदाराचं नाव, पत्ता, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा क्रमांक असायला हवा. हा तपशील नसेल तर माल आडमार्गाने आलेला समजा.

आधी विक्रेत्याला लेखी कळवा. ईमेल चालतो, फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून फार उपयोगी पडत नाही. मॉडेल, सिरियल नंबर, दिसलेले तास आणि तुमची मागणी, म्हणजे बदलून हवी की पैसे परत, एवढंच चार ओळींत लिहा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात. नाही मिटली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, विक्रेता दिल्लीत असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते, आणि मुदत दोन वर्षांची आहे.

या सगळ्यात तक्रार अडते ती बहुतेक वेळा बिलावर. दुकानात मिळणारं छापील बिल थर्मल कागदावर असतं आणि वॉरंटी संपायच्या कितीतरी आधी त्यावरची अक्षरं उडून जातात. डिस्क घेतलीत त्याच दिवशी बिलाचा आणि सिरियल नंबराच्या लेबलाचा फोटो काढा आणि स्वतःलाच ईमेल करून ठेवा. त्याच डिस्कवर मात्र ठेवू नका.